कापलेले शेंडे

धानाचं हिरवं पान कापल्याचा वास आला की सडक अर्जुनीजवळची आमची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भातशेत, आठवते. वडील गेल्यानंतरचं ते पहिलंच पीक. पानं कडेने पिवळी पडून वाळू लागली, तेव्हा शेजारची काकू बांधावरून सगळ्यांदेखत म्हणाली, "नवरा गेलेल्या बाईचा हात लागला, मंग धान कायले टिकते!" त्या दिवसापासून आई बांधीत उतरेना आणि तिला कोणी निंदणाला, तण काढायलाही बोलावेना. मग कृषी महाविद्यालयातल्या एक बाई आल्या. त्यांनी रोगट पान कापून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात धरलं, तर कापल्या जागेतून दुधासारखा धागा खाली उतरू लागला. "हे जंतू," त्या म्हणाल्या. "जखमेतून शिरतात. आत पोचल्यावरच आपली खास प्रथिनं तयार करतात, आणि त्यांच्या हुकमावर धान स्वतःची साखर त्यांना वाढून देतं. रोवणीआधी रोपांचे शेंडे कोणी कापले होते?" मीच कापले होते. किडीची अंडी जातात असं एका पत्रकात वाचून, आईला न विचारता, विळ्याने सगळ्या रोपांचे. काकू समोरच उभी होती. तरी मी म्हणाले, "मी कापले. आईच्या हाताचा काही दोष नाही." बांधावर उभी असलेली आई पुढे आली. मग माझा हात धरून काकूला म्हणाली, "लेकरू हाये, शिकून राहिलं. तू कायले पाहून राहिली? चाल, निंदण पडलं हाये," आणि पदर खोचून बांधीत उतरली. आज सभांमध्ये मी अंधश्रद्धेवर तावातावाने बोलते, टाळ्याही पडतात. पण खरं बोलल्यावर माझा हात तसा पुन्हा कोणी धरलेला नाही.