वारूळ सोडून बांधलेलं जोतं

साखराबाईला कोणी म्हटलं असतं, की बाई, तुझं घर एका मोबाईलमध्ये अडकून बसणार आहे, तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं ते असंच.

हदगाव तालुक्यातल्या बोरखडीत ती आणि तिचा नवरा रामकिशन राहतात. थोडी कापूस-सोयाबीनची जमीन, एक गाय, आणि होतं ते मातीचं घर. गेल्या पावसाळ्यात ते घर बसलं. वासराला बांधायला साखराबाई मागं गेली म्हणून वाचली, नाहीतर भिंत तिच्या अंगावरच यायची. तेव्हापासून दोघं गोठ्यात, गायीच्या शेजारी. रामकिशन म्हणायचा, "गाय काय तक्रार करून राहिली का? मग आपण तरी कशाला करावं?" देवमाणूस बिचारा! साखराबाई काही देवमाणूस नव्हती, आणि बरंच झालं.

त्यांना घरकुल मंजूर झालं. पंचायत समितीचा इंजिनिअर आनंदराज पाहणीला आला. पडक्या घरामागं त्यांची लांबलचक मोकळी जागा होती, कमरेच्या वर तरोटा माजलेला. "मावशी, बांधायचं तिथं उभ्या राहा," म्हणाला, फोटो काढला आणि गेला. त्या फोटोबरोबर घराची जागाही मोबाईलमध्ये पक्की होते, हे सांगायचं राहूनच गेलं. दिवाळीनंतर तरोटा काढला, तर नेमकं त्याच जागी वारूळ निघालं.

आता वारूळ म्हणजे काय, हे आपल्याकडं शिकवावं लागतं होय? पंचमीला बाया ज्याला भाऊ मानून दूध-लाह्या वाहतात, त्यावर कुदळ कोण मारील? साखराबाईनं जोतं सरळ दुसऱ्या टोकाला, चिंचेच्या अंगाला घेतलं. कोणाला विचारावं, हे तिच्या मनातही आलं नाही. जागा आपली, घर आपलं.

जोतं झालं. पुढचा हप्ता सुटावा म्हणून आनंदराज पुन्हा फोटो काढायला आला आणि कपाळाला हात लावून बसला. "मावशी, मोबाईल म्हणतो ही जागा ती नव्हं. फोटोच घेईना."

"त्याला म्हणावं, मी हाय ना हितं उभी!"

"त्याला माणूस न्हाई दिसत, मावशी. जागा दिसती."

तिथून सुरू झाली चकरांची गंमत. गंमत कसली, छळ! ग्रामसेवक म्हणाला, आमच्या हातात काही नाही, पंचायत समितीत जा. पंचायत समितीतला बाबू म्हणाला, जिल्ह्याला विचारावं लागतं. जिल्ह्याहून म्हणे मुंबईला विचारलंय. बाजाराच्या दिवशी साखराबाई भाकरी बांधून हदगावची एसटी धरायची आणि त्याच बाबूसमोर जाऊन बसायची.

"बाई, हे सगळं वरून येतं," एकदा तो वैतागून म्हणाला.

साखराबाईनं मान वर करून पाहिलं. "वर तर पंखा हाय, साहेब. अन् त्यो बी बंद हाय."

मार्चमध्ये स्टँडवरच्या हॉटेलात टीव्हीवर राज्याचं बजेट चाललं होतं. घरकुलांना भरघोस तरतूद, असं म्हणत होते. साखराबाईनं चहा खाली ठेवला. "मुंबईत पैसा हाय, हितं जोतं हाय. मधल्या मधी माझं घर गेलं कुठं?" हॉटेलवाला हसला. ती हसली नाही. तिला रडू आलं होतं, पण चार लोकांत रडायची तिला लाज वाटायची.

गावात सल्ल्यांना काय तोटा! कोणी म्हणे जेसीबी बोलवा, वारूळ पाच मिनिटांत साफ. शेवटी रामकिशनसुद्धा ढिला पडला. "अगं, मिरग तोंडावर आलाय. काढू वारूळ, तिथंच बांधू. नागोबा माफ करील."

साखराबाई चवताळली. "आपलं घर पडलं तवा काय झालं, इसरलाव का? मला घर न्हाई म्हणून मी दुसऱ्याचं पाडू? जमायचं न्हाई!"

एक मेला ग्रामसभा होती. पंचायत समितीच्या बीडीओ दामिनी मॅडम स्वतः येणार होत्या. सभेत साखराबाई उभी राहिली, तशा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मावशी, तुमची अडचण मला कळते. पण नियमानं मंजूर जागेवरच घर पाहिजे."

"मग चला मंजूर जागेवर."

सगळी सभा उठून मागं निघाली. वारुळापाशी आल्यावर साखराबाईनं कुदळ आणली आणि मॅडमच्या हातात दिली. "ही तुमची मंजूर जागा. पहिली कुदळ तुमी मारा. मग म्या माझ्या हातानं जोतं तोडते अन् हितं बांधते. आजपासून."

सरपंच ओरडले, "साखराबाई, काय लावलंय हे!" मॅडमनी त्यांना हातानंच थांबवलं. त्यांनी कुदळ धरली होती. वारुळाकडं पाहिलं. भोवती गावातल्या बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मॅडमनी हळूच पायातल्या चपला काढल्या.

"माझं माहेर औशाचं," त्या म्हणाल्या. "पंचमीला आमची आई भाजीसुद्धा चिरू देत नाही." त्यांनी कुदळ खाली ठेवली. "नाही मारवणार मला."

"मग मॅडम, येकच सांगा. गावचा म्हणतो तालुक्याला जा, तालुक्याचा म्हणतो जिल्ह्याला. माझ्या घराची जिम्मेदारी हाय कोणाची?"

मॅडम वाकून चपला घालत होत्या. सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी."

तिथंच चिंचेखाली ग्रामसभेचा ठराव झाला. दोन्ही जागांचा पंचनामा झाला. जिल्ह्याला कागद पाठवून मॅडम थांबल्या नाहीत, स्वतः घेऊन गेल्या. तरी साखराबाईनं बाजाराच्या दिवशी हदगावची एसटी सोडली नाही. शब्दावर भरवसा होता, पण कचेरीवर नव्हता.

मे सरता सरता आनंदराज फटफटीवर आला. जिल्ह्यानं चिंचेजवळची जागा मंजूर केली होती, त्यामुळं या वेळी मोबाईलनं जागा ओळखली. त्याच्याही जिवात जीव आला. साखराबाई जोत्यावर चढून ताठ उभी राहिली, डोक्यावर पदर, कपाळाला घाम. रामकिशन शेजारी उभा राहून आधीच हसत होता.

"मावशी," आनंदराज मोबाईल धरून म्हणाला, "आता तरी जरा हसा!"

"तू काढ फोटो," साखराबाई म्हणाली. "हसंन मी स्लॅब टाकल्यावर."