नव्या चक्राचा पहिला डाग

मुतवल्ली शलबी सिमेंटच्या कारखान्याच्या फाटकाशी बाकल्याच्या दाण्यांची उसळ विकत असे. त्याची थोरली मुलगी इन्शिराह लहानपणी हंड्याजवळ बसून राही. दाणे तळातून मधोमध वर येतात आणि कडेने पुन्हा बुडतात, हे ती एकटक न्याहाळी. पुढे विद्यापीठात सूर्याविषयी शिकताना तिला म्हणूनच फारसे नवल वाटले नाही. सूर्यही असाच रटरटतो. मात्र जेथे चुंबकीय क्षेत्र त्या उकळीचा गळा आवळते, तेथे खालची उष्णता वर पोहोचत नाही आणि तेवढा भाग काळवंडतो. तोच सौरडाग.

कैरोच्या दक्षिणेस, टेकडीवरील वेधशाळेत, या डागांचे चुंबकत्व मोजण्याचे काम तिच्याकडे होते. डाग बहुधा जोडीने येतात: एकाचा ध्रुव उत्तर, दुसऱ्याचा दक्षिण. एका गोलार्धात पुढे चालणाऱ्या डागाचा ध्रुव सुमारे अकरा वर्षे तोच राहतो. मग नवे चक्र लागते आणि क्रम उलटतो. त्या वर्षी सारेच पहिल्या उलट जोडीची वाट पाहत होते.

वसंतातील एका सकाळी ती इन्शिराहला दिसली. इवलीशी, उत्तर गोलार्धात, विषुववृत्तापासून दूर.

"बापाच्या हंड्यातला दाणा तर नाही ना चिकटला काचेला?" उपकरणे सांभाळणाऱ्या दसूकीने विचारले.

"त्याच हंड्यावर पोसलायस तू, मेल्या!"

वेधशाळेचे प्रमुख डॉक्टर शफीक मात्र हसले नाहीत. "काल दुर्बिणीतली काच पुसली होती ना? उलटी बसली असेल, म्हणून ध्रुव उलटे दिसतात. माझं एकदा असंच झालं होतं, बाई. जगभर तारा धाडल्या आणि जगभर हसं झालं. उद्या पुन्हा वेध घेऊ, मग बोलू."

"उद्या?" तिने खिडकीकडे बोट केले. दक्षिणेचे आकाश पिवळे पडले होते. खम्सीन, म्हणजे वाळूचा वारा, एकदा सुटला की कित्येक दिवस सूर्य दिसत नाही. आणि एवढासा डाग तोवर टिकणार नव्हता. जे सिद्ध करायचे ते आजच्याच चित्रावरून करणे भाग होते.

ती पुन्हा चित्रावर वाकली. मग तिचा आवाज एकदम स्थिर झाला.

"डॉक्टरसाहेब, विषुववृत्ताजवळची ही जुनी जोडी बघा. याच चित्रात, याच गोलार्धात. हिचा क्रम आठवडाभर होता तोच आहे. काच उलटी असती तर हीसुद्धा उलटली असती. आरसा एकाला सरळ आणि दुसऱ्याला उलटं दाखवतो का कधी?"

शफीकांनी चष्मा चढवला. दोन्ही जोड्यांची मापे स्वतः पुन्हा घेतली. दसूकीने आणलेला चहा निवून गेला. अखेर ते ताठ बसले.

"दसूकी, तार लिहायला घे."

"खाली नाव कुणाचं?"

"जिनं पाहिलं तिचं."

"इन्शिराह मुतवल्ली शलबी," ती म्हणाली.

"तारेत एवढं लांबलचक?"

"पूर्ण लिही. उकळी कशी पाहायची ते मला त्यांनीच दाखवलं."

दुपारी वारा सुटला आणि सूर्य दिसेनासा झाला. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी, हंड्यावर फडके धरून, मुतवल्ली येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता, "सूर्याच्या तारेत माझं नाव गेलंय, समजलास? आता भांडं नीट पुढे कर."