भिंतीला मारलेलं पाणी

फोन आला तेव्हा माझ्या हातात पाण्याची नळी होती. चार दिवसांपूर्वी दादानं माझ्या दाराशी बसायला कट्टा बांधून दिला होता आणि जाताना दम भरला होता, "शाले, दोन्ही वेळेला पाणी मारायचं. कंटाळा केलास आणि तडा गेला तर मला बोलवायचं न्हाय." तेच करत होते. फोन कोडोलीहून त्याच्या शेजाऱ्यांचा. सकाळचा चहा घेऊन दारात बसला होता, बसल्या जागीच गेला... मी नुसतं "बरं" म्हणाले. नळ बंद करायचंही सुचलं नाही. अंगणभर पाणी झालं आणि मी त्यात चप्पल न घालता उभी.

दीड महिना झाला या गोष्टीला. दादा माझा थोरला भाऊ, गवंडी. पन्हाळा तालुक्यात त्याला सगळे मिस्त्रीच म्हणायचे. कुणाच्याही घरी गेला की आधी बोटानं भिंत वाजवून बघणार, मग चहा घेणार. काम वाईट असेल तर घरमालकाच्या तोंडावर सांगणार, "कुठल्या गाढवानं बांधलं हे?" वहिनी लवकर गेली, एकच मुलगी, शीतल. तिला त्यानं शिकवली, इंजिनिअर केली, फ्रान्सला पाठवली. आणि तिनं तिथल्याच जुल्याँ नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा हाच बाप तिला फोनवर म्हणाला, "माझ्या दारात येऊ नगंस." लग्नाला गेला नाही. चार वर्षं बोलला नाही. नात झाली, मीरा, तिचे फोटो मी दाखवायचे. तो बघायचा, फोन परत द्यायचा आणि उठून जायचा. मी त्याच्याशी त्यावरून कडाकडा भांडले आहे. पण बाहेरच्या कुणी त्याला नाव ठेवलं की मात्र मी त्याच्याच बाजूनं उभी राहायचे. लहानपणापासूनची खोड.

हा अबोला मोडला तो एका भिंतीच्या फोटोमुळं. शीतल-जुल्याँनं तिकडं खेड्यात एक जुनं दगडी घर घेतलं आणि स्वतःच दुरुस्त करायला काढलं. आतल्या भिंतींना ओल धरत होती. शीतलनं फोटो मला पाठवले. दादानं चष्मा चढवला, फोटो मोठा करकरून बघितला आणि भडकला. "दगड-चुन्याच्या भिंतीवर सिमेंट कुणी थापलंय गं? घुसमटाय लागलीया ती भिंत. फोन लाव तिला!" मी लावला. चार वर्षांनी लेकीशी त्याचे पहिले शब्द होते, "आधी ते सिमेंट खरवडून काढ." पलीकडून "आबा, आबा" म्हणताना शीतलला रडू आवरेना. हा आपला चुन्याचं प्रमाण सांगतोय.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर आम्ही दोघं अडीच महिन्यांसाठी गेलो. दादाच्या पिशवीत दोन जोडी कपडे, कांदा-लसूण चटणीची बरणी आणि त्याची गवंडीकामाची थापी. शीतल दिवसभर नोकरीवर, म्हणून दुभाष्याचं काम माझं. जन्मभर हायस्कूलला इंग्रजी शिकवलेलं, जुल्याँचं इंग्रजी मोडकं पण समजायचं. त्यानं काही सांगितलं की मी दादाला मराठीत सांगायचं, दादाचं त्याला इंग्रजीत. दादाच्या शिव्या तेवढ्या मी गाळायचे.

मागच्या खोलीची मोठी भिंत दादानं घेतली. सिमेंट काढलं, दगड धुतले, चुना मळला. वडलांच्या हाताखाली चुन्याचं काम शिकलेला, त्यानंतर सगळं आयुष्य सिमेंटमध्ये गेलेलं, पण हात विसरला नव्हता. जुल्याँ घमेली उचलून द्यायचा. सासरा-जावई दिवसभर एकमेकांशी शब्द न बोलता काम करायचे आणि संध्याकाळी शेजारी उभं राहून भिंत बघायचे. गिलावा पुरा झाला त्या दिवशी जुल्याँनं त्यावरून तळवा फिरवला आणि दादाचा हात हातात घेतला. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाला, "लग्नात काय न्हाय दिलं मी. ही भिंत दिली म्हण त्याला." मी सांगितलं.

दादाचा नेम असा की नव्या गिलाव्याला पाणी मारल्याशिवाय जेवायचं नाही. सकाळ-संध्याकाळ बादली आणि कुंचा घेऊन भिंत भिजवायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी जुल्याँनं मला स्वयंपाकघरात गाठलं आणि नीट, सावकाश सांगितलं, रात्री बर्फासारखी थंडी पडणार आहे, आता पाणी मारू नका, त्यांना सांगाल?

मी नाही सांगितलं.

का, याचं उत्तर मी त्यानंतर किती वेळा स्वतःला दिलं असेल! त्या वेळी वाटलं, चार वर्षांनी माणूस लेकीच्या घरात ताठ मानेनं वावरतोय, त्याला जावयानं चूक दाखवायची? आणि हा कॉम्प्युटरवर काम करणारा पोरगा कोडोलीच्या मिस्त्रीला पाणी मारायचं शिकवणार होय! दादानं विचारलं, "काय म्हणत हुता?" मी म्हणाले, "काही नाही, काम छान झालं म्हणतोय."

दुसऱ्याच दिवशी नाताळच्या सुट्टीसाठी सगळे मिळून आठवडाभर बर्फाच्या डोंगरात गेलो. निघायच्या सकाळी, बाकीचे गाडीत सामान भरत असताना, दादानं भिंतीला नेहमीपेक्षा जास्त पाणी मारलं, आठ दिवस कुणी नसणार म्हणून. गाडीत दोनदा म्हणाला, "एवढ्या दिसांत सुकंल की गं." मी खिडकीबाहेर बघत होते.

बर्फात लोक घसरत खाली जातात, तेवढ्यासाठी पैसे देऊन वर जातात, याचं त्याला भारी नवल. आमच्या या म्हाताऱ्या मिस्त्रीनं कानटोपी घातली आणि मीराला घेऊन पावाच्या डब्यानं बर्फाच्या विटा पाडल्या. भिंत बांधली चांगली कमरेएवढी, सांध्यावर सांधा येऊ न देता. काचेच्या बाटलीत पाणी भरून ती आडवी ठेवून पातळी बघितली. येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते. त्याला इतकं मोठ्यानं हसताना मी वहिनी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. बाटली तिथंच भिंतीवर राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फुटलेली, आतला बर्फ बाटलीच्या आकाराचा तसाच. दादा खाली बसून बघत राहिला.

"पाणी फुगतंय व्हय गं हितं?"

"हो."

"घराकडं बी एवढीच थंडी असंल?"

मी मीराला मागं ओढलं. त्यानं काचा एकेक करून उचलल्या, मीराच्या पायाला लागू नयेत म्हणून. उरलेले दोन दिवस तो खोलीतून फारसा बाहेर आला नाही.

परत आलो तेव्हा मागच्या खोलीत गिलाव्याच्या पापुद्र्यांसारख्या खपल्या सुटून जमिनीवर पडल्या होत्या. दाराआड, जिथं कुंचा पोचत नव्हता, तेवढा हातभर तुकडा शाबूत. दादा त्या ढिगाशेजारी बसला. "माझाच हात चुकला," एवढंच म्हणाला. जुल्याँ माझ्याकडं बघत होता. मी मान खाली घातली. दोन दिवसांत आमचं परतीचं विमान होतं. पुन्हा येऊन भिंत करायची असं ठरलं, मग गुडघ्यांमुळं त्याला लांबचा प्रवास झेपेना, मग राहिलंच. भेटला की म्हणायचा, "माझी एक भिंत बाकी हाय." दरवेळी मी चहा टाकायला उठायचे.

शीतल आली ती दहाव्याला. दिवसकार्य झाल्यावर माझ्याकडं राहिली. एका संध्याकाळी मी तिला या कट्ट्यावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आत्या, आबांना माहीत होतं."

"कसं?"

"भिंत पडली त्या संध्याकाळी जुल्याँ म्हणाला, मी आत्यांना सांगितलं होतं. आबांनी मला विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं, जसंच्या तसं. तर म्हणाले, शालूला ह्यातलं एक अक्षर बोलायचं न्हाय. जन्मभर माझी बाजू घेत आलीया ती, त्या दिवशी बी तेच केलं तिनं."

...दोन वर्षं, दादा! माझ्या दारात बसून चहा प्यायचास, भिंत बाकी आहे म्हणायचास आणि माझ्याकडं बघायचासही नाहीस. एकदा तरी भांडायचंस की रे माझ्याशी. भांडायला काय आपल्याला शिकवावं लागलं होतं?

शीतल परत गेली. दादाची थापी त्याच्याच टॉवेलात गुंडाळून नेली. जुल्याँनं दाराआडचा तो तुकडा काढलेला नाही, उन्हाळ्यात बाकीची भिंत तो त्याच्या हिशेबानं करणार आहे. मला या म्हणाला आहे.

कट्टा आता आवळून चांगला पक्का झाला. पाण्याची गरज नाही, तडा कुठं नाही. तरी तिन्हीसांजेला मी नळी न घेता तिथं बसते. पलीकडं, भिंतीला टेकायची जागा त्याची म्हणून मोकळी ठेवते. आणि जुल्याँचं ते वाक्य नीट मराठीत करून सांगते... दादा, रात्री फार थंडी पडणार आहे. पाणी मारू नकोस, जेवायला चल.