रेतीबंदरावर उलगडलेलं पॅलिओकॅस्टरचं घर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या शाळेची प्रयोगशाळा आवरायला काढली आणि अण्णांचा पिळदार प्लास्टरचा नमुना भंगारात निघाला. अण्णा म्हणजे माझे वडील. तिथेच जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ‘हे एका प्राचीन वनस्पतीचं मूळ,’ असं त्यांनी आम्हा पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. नमुना डोंबिवलीला त्यांच्याकडे पोचवायचं मी ठरवलं.

खरं काम वेगळंच होतं. ते मूळ नव्हे, असं मी नुकतंच वाचलेलं. पॅलिओकॅस्टर नावाच्या, कधीच नामशेष झालेल्या प्राण्याचं ते बीळ. बीव्हरचा नातेवाईक, घुशीहून जरा मोठा. दातांनी माती कोरत गोल गोल खाली जायचा. पण हे अण्णांना सांगणार कोण?

खोपटहून कल्याणची एसटी धरली. मांडीवरचा नमुना बघून कंडक्टर म्हणाला, “ताई, जिना घेऊन कुठं निघालात?” भिवंडीपर्यंत हाडं खिळखिळी झाली. कल्याणला वडापाव खाल्ला, पुढे रिक्षा केली. रविवारी अण्णा डोंबिवलीच्या रेतीबंदरावर चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, विकत घेत असतात, म्हणून थेट तिथेच गेले. तुम्हीही जाल तर ओहोटीची वेळ विचारून निघा.

नमुना पाहून अण्णांचे डोळे भरून आले. जवळच होत्या त्यांच्या नेहमीच्या कोळीण जनामावशी, खाडीतल्या बिळांत आकडी घालून चिंबोऱ्या काढण्यात हयात गेलेली बाई. त्यांनी नमुना हातात घेऊन फिरवला.

“यो काय, गुर्जी?”

“मूळ आहे. फार जुनं.”

“मूळ? मुळाला फाटे आसतान. यो तं खाली जाऊन परत वर चरलाय. पानी शिरला तरी पोरा सुकी रहतीन. यो घर हाय कुनाचा तरी.”

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी काय करावं? चिंबोऱ्यांचा भाव विचारला. घरी जेवताना रस्सा झकास होता, पण अण्णा नमुनाच फिरवून बघत होते.

ठाण्याला परतल्यावर आठवड्याभरात त्यांचं पोस्टकार्ड आलं. पत्ते सापडतील तेवढ्या जुन्या विद्यार्थ्यांना त्यांनी तेच लिहिलं होतं: ‘मी मूळ म्हणून शिकवलेली वस्तू बीळ आहे. चूक माझी. एका कोळीणबाईंनी ती दाखवली.’

माझ्या कार्डावर खाली दोन ओळी जास्त होत्या. ते कार्ड मी अजून जपलंय, आणि अजून वाचताना लाज वाटते.

‘चिंबोऱ्यांचा भाव तू कधी विचारतेस? तेव्हाच कळलं, तुला आधीपासून ठाऊक होतं. खरं बोलायला भ्यायचं, हे कुठल्या इयत्तेत शिकवलं मी?’