स्वभावाचा रकाना

पहिल्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा माझा भाऊ कारखान्याच्या गेटसमोर उठाबशा काढत होता.

भर दुपार. एप्रिलचं ऊन. सात पोरं, शर्ट काढलेले, कान धरलेले. पुढे हवालदार, मागे जीप. बबलू तिसरा. सोळा वर्षांचा. आमच्या भोपाळात याला जुलूस काढणं म्हणतात. पकडलेल्या पोरांना त्यांच्याच वस्तीतून चालवायचं आणि लोकांना बघायला लावायचं. यानं पोरं सुधारतात असं ठाण्याला वाटतं.

मी टायपिंगच्या क्लासहून येत होते. गेटमधून सायकली बाहेर पडल्या, त्यात बाबा होते. हँडलला डबा लटकलेला. टीआयनं, म्हणजे ठाण्याच्या इन्स्पेक्टरनं, सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, "इनमें से किसी का बाप है यहाँ?"

बाबा माझ्यापासून दहा पावलांवर. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, खाली बसले आणि चेन बसवायला लागले. चेन उतरलेली नव्हती.

बबलूनं ते बघितलं. मी बघितलं. कोणीच हात वर केला नाही. मीही नाही. जुलूस बाजाराकडे वळला. बाबा उठले तेव्हा त्यांचे हात ग्रीसनं काळे झाले होते.

बाबांवर मी बरीच वर्षं चिडून होते. पण चिडायचंच तर आधी माझ्यावर चिडायला हवं. बबलूला त्या रांगेत मी उभं केलं होतं.

बाबा नागपूरकडचे, कारखान्यात फिटर. आमच्या घरात अर्जावर फार विश्वास. क्वार्टर अर्जानं मिळालं, गॅस अर्जानं मिळाला, माझी फी अर्जानं माफ झाली. छापील कागद दिसला की बाबा चष्मा पुसून बसायचे. त्या वर्षी टाऊनशिपमध्ये पोरांच्या मारामाऱ्या वाढल्या होत्या. भांडण मैदानावरून. बंगल्यांकडची पोरं तिथे गेटमधून जायची, आमच्या छोट्या क्वार्टरांतली भिंतीवरून उडी मारून. मग ठाण्यानं आणि कारखान्याच्या कल्याण विभागानं मिळून युवा सुधार शिबिर काढलं आणि त्याचे अर्ज घरोघरी आले. घरोघरी म्हणजे आमच्याकडे. बंगल्यांवर एकही गेला नाही. तेव्हा ते खटकलं नाही. चांगली गोष्ट एकदाची आपल्याकडे आधी आली, म्हणून आई उलट खूश झाली.

"भरून दे बाई," बाबा म्हणाले. "सरकारी कागद आहे. पोट्ट्याच्या भल्यासाठीच असन."

माझं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं. नाव, क्वार्टर नंबर, इयत्ता भरली. पुढचा रकाना स्वभावाचा. त्याच सकाळी बबलूनं माझं नवं पेन मोडलं होतं आणि वर माझ्यावरच ओरडला होता. मी लिहिलं, गुस्सा जल्दी आता है. तो मागे उभा राहून हसत होता. "लिही लिही, डॉन लिही," म्हणाला. त्याच्या पुढचा रकाना संगतीचा. मी मुन्ना आणि अफझल लिहिलं, त्यांचे क्वार्टर नंबरही दिले. तिघं सोबत शिबिराला जातील, असं मला वाटलं. बाबांनी खाली सही केली.

शिबिर एक दिवस झालं. भाषण, केळी, फोटो. फोटोपुरता पोरांच्या हातात फुटबॉल दिला आणि मग परत जीपमध्ये ठेवला. अर्ज ठाण्यात गेले.

पुढे महिन्याभरानं, एका रविवारी मैदानावर क्रिकेटची मॅच होती. तिथे जुंपली आणि एका मुलाच्या मांडीत चाकू गेला. दोन्हीकडची पोरं होती. बबलू नव्हता. तो बाबांबरोबर करोंदच्या मंडीत वर्षाचा गहू आणायला गेला होता. पोती अजून व्हरांड्यातच पडली होती, तेवढ्यात सोमवारी सकाळी पोलिसांनी त्याला उचललं. मुन्ना आणि अफझललाही.

बाबा ठाण्यात गेले. मीही गेले. "साहब, ये मेरे साथ था. करोंद. गेहूँ लाने गए थे."

टीआयनं फाईल उघडली. त्यात माझं अक्षर. त्यानं मोठ्यानं वाचलं, "गुस्सा जल्दी आता है." मग बाबांकडे बघितलं. "दस्तखत किसके हैं?"

"मेरे."

"फिर?"

बाबा आपल्या सहीकडे बघत राहिले. उत्तर माझ्याकडे होतं. पेन मोडलं होतं म्हणून लिहिलं साहेब, एवढंच सांगायचं होतं. ते मी सांगितलं नाही.

तिथून आम्ही महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. कारखान्यात मोठे मॅनेजर. घरात पुण्याची स्वच्छ मराठी. दर गणपतीत बाबा त्यांच्या हाताखाली बाकं उचलायचे आणि आरतीला त्यांच्या शेजारी उभे राहायचे. आपला माणूस आहे, एक फोन करील, असं बाबा वाटभर म्हणत होते. आम्ही पायऱ्यांच्या खाली उभे राहिलो. आत त्यांचा मुलगा पोहे खात होता, हाताला पट्टी. तो मारामारीत होता हे सगळ्या टाऊनशिपला माहीत होतं. टीआय स्वतः बंगल्यावर येऊन, चहा पिऊन, त्याला चार गोष्टी समजावून गेला होता.

साहेब म्हणाले, "हे बघा, पोलिसांच्या कामात आपण पडू नये. आणि तुमच्याकडच्या मुलांना थोडा धाक हवाच असतो."

बाबा म्हणाले, "हो साहेब."

दुसऱ्या दिवशी जुलूस. तिसऱ्या दिवशी मुचलक्यावर सुटका. बबलू घरी आला, जेवला, ताट स्वतः धुतलं. ते त्यानं आधी कधी केलं नव्हतं. मग मला विचारलं, "अक्षर तुझंच होतं ना ताई?"

मी हो म्हटलं. त्यानं धुतलेलं ताट मांडणीवर लावलं. त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. राग लवकर येणारा माझा भाऊ त्या दिवसानंतर रागावलाच नाही. कोणावरच नाही. मला तेच सहन होत नाही, अजूनही.

चाकू कोणाचा ते नंतर कळलं, बबलूवर खटला झालाच नाही. पण फाईल तशीच राहिली. होळी आली, निवडणूक आली, मंत्री आला की त्याला बोलावणं. सकाळी जायचं, ठाण्याच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसायचं. अप्रेंटिसची परीक्षा तो पास झाला आणि पोलीस पडताळणीत अडकला. अफझलची आई आमच्या दारावरून जायची बंद झाली. शेवटी बबलू नागपूरला मामाकडे गेला आणि टायरच्या दुकानात लागला. बाबा वारले तेव्हा आला. अग्नी दिला आणि घाटावरूनच स्टेशनला गेला. टाऊनशिपमध्ये त्यानं पाय ठेवला नाही. आईनं बांधलेल्या दशम्या मी प्लॅटफॉर्मवर नेऊन दिल्या. त्या त्यानं घेतल्या.

मी आता याच टाऊनशिपमधल्या एका शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात माझ्या वर्गात मधल्या सुट्टीत एका मुलानं दुसऱ्याच्या दंडावर ब्लेड ओढलं. प्रिन्सिपलच्या खोलीत ठाण्याच्या नव्या मॅडम आल्या. बोलायला गोड, आणि खरंच चांगल्या मनाच्या असाव्यात. "मारना-पीटना पुराना तरीका था," त्या म्हणाल्या. "अब हम ऐसे बच्चों को पहले से पहचान लेते हैं. काउन्सेलिंग करेंगे." आणि फॉर्म पुढे केला. छोट्या क्वार्टरांतल्या आणि मागच्या झोपडपट्टीतल्या मुलांसाठी. नाव, पत्ता, स्वभाव, संगत.

प्रिन्सिपल मला म्हणाले, "आपकी राइटिंग अच्छी है, आप भर दीजिए."

मी विचारलं, "बंगलों के बच्चे इसमें क्यों नहीं हैं?"

प्रिन्सिपल पंख्याकडे बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "उनके घर में ध्यान देनेवाले हैं."

मी म्हटलं, "जिसने ब्लेड चलाया उससे मैं रोज बात करती हूँ. उसकी माँ से भी. जिसको लगा उससे भी. आप भी आइए, पूरी क्लास के साथ बैठिए. मैदान का गेट सबके लिए खुलवाइए. लिस्ट मैं नहीं बनाऊँगी."

"बच्चों के भले के लिए ही है," मॅडम म्हणाल्या.

भल्यासाठी. बाबांचा शब्द. मला तिथेच रडू फुटलं, दोघांच्या समोर. पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा नाही म्हटलं.

मेमो आला. तीन दिवसांत खुलासा द्या. आज दिला, हातानं लिहून. त्या मुलाला आणि त्याच्या आईला मी भेटत राहीन, असं लिहिलं. एकाही मुलाचा स्वभाव लिहून देणार नाही, असं लिहिलं. कोरा फॉर्म सोबत टाचला. नोकरी जाईल का? जाऊ शकते.

माझ्या वर्गातल्या कोणाचा जुलूस काढायचा असेल तर काढा. भोंगा झाल्यावर, भर चौकात, सगळ्यांना थांबवून विचारा याचं कोणी आहे का इथे. मी हात वर करणार आहे.