फळ्यावर नसलेला बिल्ला

आमच्या ठाकुर्लीत कुंडलिककाकांबद्दल एक गोष्ट फिरते. काकांनी म्हणे सहलीतली एक बाई माळशेजच्या धबधब्याखाली विसरून ठेवली आणि ते गाडी घेऊन सरळ कल्याणला आले. दूधवाल्याच्या तोंडी ती बाई म्हातारी असते, क्लासमधल्या मुलींच्या तोंडी नवी नवरी. वर्तकनगरच्या एका काकूंनी तर मला शपथेवर सांगितलेलं की बाई भाजीच्या टेम्पोत, कोथिंबिरीच्या गोणीवर बसून घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "मला वाटलं, मुक्कामाचीच सहल आहे." हे मी त्या काकूंच्याच आवाजात करून दाखवते तेव्हा लोक फार हसतात.

गोष्ट खोटी आहे. बाई गाडीतच होती, मागच्या सीटवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून. धबधब्यापाशी राहिले ते कुंडलिककाका स्वतः. हे मला पक्कं माहीत आहे. कसं, ते पुढे येईलच.

कुंडलिककाका मोहन्याचे. तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात, स्पिनिंग खात्यात, त्यांनी बावीस वर्षं काढली. कारखाना बंद झाल्यावर थोडे दिवस इकडे, थोडे दिवस तिकडे असं करत ते मितेशशेठच्या सहलीच्या गाडीवर आले. दर रविवारी 'एका दिवसात जुन्नर'. सकाळी सहाला कल्याणहून सुटायचं, टोकावड्याला चहा, मग घाट चढून लेण्याद्री, जुन्नर गाव, आणि परतीच्या वाटेवर माळशेजचे धबधबे. गाडी सत्तावीस सीटांची. चालवायला विश्राम, बोलायला काका.

या गाडीत माणसं मोजत नाहीत. दाराशी एक लाकडी फळा ठोकलेला आहे, त्यावर खिळे आणि खिळ्यांवर पितळी बिल्ले. कारखान्यात प्रत्येक कामगाराला नंबराचा बिल्ला असायचा. ते जुने बिल्ले मोहन्याच्या भंगारवाल्याकडे किलोवर निघाले तेव्हा काकांनी पिशवीभर उचलून आणले. गाडीतून उतरताना आपला बिल्ला घ्यायचा, चढताना लावायचा. सगळे खिळे भरले की काका माईकवर बोलणार, "हां… फळा भरला. विश्राम, सोड." तोवर गाडी हलत नाही. मागून पन्नास गाड्या हॉर्न मारू देत.

"डोकी मोजली की चुकतात," काका सांगतात. "डोकं इकडून तिकडे जातं. बिल्ला जात नाय."

पहिला तासभर ते लोकांना नंबरानेच हाक मारतात. "ओ चारशे सात, पाय आत घ्या." "सहाशे बारा, पोटात मळमळतंय का? पुढे या." मुरबाड येईपर्यंत त्यांना सगळ्यांची नावं पाठ झालेली असतात, आणि मग नंबर बंद.

काकांचा आवाज काढायला सोपा आहे. थोडा नाकात, थोडा घशात, आणि वाक्याच्या सुरुवातीला तो 'हां'. अवघड आहे ते त्यांचं थांबणं. दोन वाक्यं बोलतात आणि गप्प होतात. खात्यात यंत्रांचा एवढा धडधडाट असायचा की दोन वाक्यं समोरच्याच्या कानात ओरडायची आणि मग त्याच्या तोंडाकडे बघायचं, पोचलं का. ती सवय राहिली. माईक हातात धरून ते नुसते उभे राहतात आणि गाडीभर नजर फिरवतात. मला वाटायचं, पुढचं विसरले. माझ्या नकलेत ती रिकामी जागा मी खोकून भरायचे. त्यामुळे माझे काका फार खोकतात. खऱ्या काकांना मी खोकताना फारसं ऐकलेलं नाही.

आता मागच्या ऑगस्टचा तो रविवार.

मी, आई आणि बाबांची तुळसाआत्या, आम्ही तिघी गेलेलो. दुपारी चारला धबधब्यापाशी उतरलो. धुकं एवढं की पाणी दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. अर्ध्या तासाने सगळे निथळत गाडीत चढले आणि बिल्ले लावायला लागले. फळ्यावर एक खिळा रिकामा राहिला. दोनशे चौदा.

"दोनशे चौदा कोण? मागच्या सीटवरच्या मॅडम ना?" काकांनी विचारलं. गाडीत एवढा गलका चाललेला की कोणी उत्तर दिलं नाही. काकांनी छत्रीसुद्धा घेतली नाही, तसेच उतरले.

मी दाराजवळच्या सीटवर होते. दोन मिनिटांत मागून एक हात आला. "घे गं, माझ्याकडेच राहिला. पर्समध्ये गेलेला." दोनशे चौदा. मी तो खिळ्यावर लावला. फळा भरला.

माईक समोरच पडलेला. विश्रामदादा पडद्याच्या पलीकडे, त्याला फक्त स्पीकर ऐकू येतो. माझ्या जिभेला सकाळपासून खाज सुटलेली. मी माईक उचलला, थोडं नाकात, थोडं घशात, आणि बोलले, "हां… फळा भरला. विश्राम, सोड."

गाडी सुटली.

काका दारातच उभे असतील असं मला वाटलं, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी बघितलंच नाही. फळ्यात चूक नव्हती. सव्वीस खिळे, सव्वीस बिल्ले. फक्त काकांचा बिल्ला त्या फळ्यावर कधीच नव्हता. त्यांचा, अकराशे अडतीस नंबरचा, त्यांच्या खिशात असायचा.

घाट उतरून खाली आल्यावर विश्रामदादाने पडद्यामागून विचारलं, "काका, टोकावड्याला थांबायचं का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग त्याने गाडी बाजूला घेतली, पडदा सारला, तर काका गाडीत नाहीत. फोन लावला तर घाटात रेंज नाही. गाडी वळवून वर जाईपर्यंत पाऊण तास गेला.

काका कठड्याशी उभे होते. ओलेचिंब. धबधब्याकडे तोंड करून ओरडत होते, "दोनशे चौदा! ओ दोनशे चौदा!" गाडी गेली याची त्यांना फिकीर नव्हती. बाई खाली घसरली असं ते धरून चाललेले. आवाज पार बसलेला.

मॅडम खिडकीतून ओरडल्या, "अहो, मी इथे आहे!" काका वळले आणि आहे तिथेच, रस्त्यावर, मटकन बसले.

विश्रामदादाला रडू यायचं बाकी होतं. "काका, तुम्हीच बोललात ना, सोड म्हणून?"

काकांनी वर बघितलं. आधी विश्रामकडे, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. माझ्या हातात अजून माईक होता.

"हां," ते बसलेल्या आवाजात म्हणाले, "बोललो असेन."

मी काही बोलले नाही. तेव्हा नाही, आणि नंतर वर्षभर नाही.

पण दुसऱ्या कुठल्या तरी गाडीतल्या पोरांनी व्हिडिओ काढलेला. भिजलेला माणूस, पाण्याकडे बघून नंबर ओरडतोय. खाली लिहिलेलं: 'गाईडने पॅसेंजर हरवली.' तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग सगळ्यांच्याच आला. कोथिंबिरीची गोणी मागाहून त्यात चढली.

लोक गाडी बुक करताना विचारायला लागले, "तो विसरणारा माणूस आहे का? मग नको." मितेशशेठने वर्षभर कसंबसं ओढलं. या जुलैत त्यांनी काकांना सांगितलं की आता गाडीत रेकॉर्ड लावू. काकांनीच बोलून द्यावं, आवाज त्यांचाच राहील, फक्त ते घरी राहतील.

"रेकॉर्डला कोण काय विचारणार?" काका म्हणाले आणि उठून गेले.

मग मितेशशेठना कोणीतरी मी काकांच्या नकला करते ते व्हिडिओ दाखवले. त्यांचा फोन आला आणि मी हवेत तरंगायला लागले. "बेटा, एकदम डिट्टो! त्यांच्यापेक्षा भारी! तूच बोलून टाक ना." मी हो म्हटलं. मला फक्त एवढंच ऐकू आलेलं, 'त्यांच्यापेक्षा भारी'. काकांचा रविवार त्यात जात होता, हे मला समजत होतं आणि नव्हतंही. हा माणूस आठवडाभर मोहन्याच्या वाचनालयात बसून लेण्यांतली जुनी अक्षरं गिरवायचा, ते एका रविवारसाठी.

या ऑगस्टात ट्रायल म्हणून मितेशशेठ स्वतः गाडीत आले. मी, आई, तुळसाआत्याही होतोच. काकांची ती शेवटची फेरी, असं ठरल्यासारखं होतं.

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना काका माझ्या बरोबरीने आले.

"तू बोलणार आहेस म्हणे माझ्या आवाजात."

"हो. म्हणजे… मितेशशेठ बोलले."

"बोल की. चांगला काढतेस. फक्त एवढी खोकू नकोस, कांताला वाटलं मला टीबी झालाय." कांता म्हणजे काकू. मला हसू आलं आणि मग लाजही वाटली.

आणखी चार पायऱ्या चढले. मग म्हणाले, "पैज लावतेस? वरच्या लेण्यात सगळं तू सांग, माझ्या आवाजात. एका माणसाने तुला उलटा प्रश्न विचारला तर तू जिंकलीस. मी उद्यापासून घरी, हसत."

"आणि नाही विचारला तर?"

"तर 'सोड' कोण बोललं होतं ते तू सांगायचं. लिहून. सगळ्यांना वाचता येईल असं."

माझा पाय पायरीवर तसाच राहिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"बावीस वर्षं यंत्राच्या आवाजात कोण काय बोललं ते तोंड बघून ओळखलंय मी, नयन. तुझं तोंड तर समोरच होतं."

मी पैज लावली. आपण जिंकणार याबद्दल मला शंकाच नव्हती.

गणपतीचं दर्शन झाल्यावर सगळे शेजारच्या चैत्यगृहात आले. काका बाहेर ओसरीत खांबाला टेकून बसले. मी गळ्यात स्पीकर अडकवला. "हां… मंडळी. येतोय ना आवाज? मागे?" पहिल्याच वाक्याला हशा. मी सुटलेच. दाराच्या वरची अक्षरं दाखवली. "ते बेरजेचं चिन्ह दिसतं ना? ती बेरीज नाय, तो क आहे. क, कल्याणचा क! दोन हजार वर्षांपूर्वी हे लेणं दान दिलं, त्याचं नाव सुलसदत्त. राजा नाय, सरदार नाय. राहणार कल्याण!" काकांसारखा हात, काकांसारखी मान. मध्ये मी थांबलेसुद्धा, काकांसारखी. खोकले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल वर धरले. मितेशशेठ म्हणाले, "एक नंबर! फायनल!"

मी वाट बघत राहिले. लोक माझ्याकडे बघत होते, पण पुढची गंमत काय म्हणून. मी दोनदा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "ताई, ते फळा भरलावालं करा ना." तो प्रश्न नव्हता.

तेवढ्यात तुळसाआत्या माझ्या अंगावरून दाराकडे गेली, वर अक्षरांकडे बघत बाहेर आली आणि ओसरीत बसलेल्या काकांसमोर उभी राहिली.

"आरं कुंडलिक, त्यो कल्यानचा मानूस येवरा डोंगर चरून आयला. मंग यो लेना आपले गावान का नाय केला?"

काकांनी लगेच उत्तर दिलं नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती तशीच उभी. मला दिसलं, मी आजवर ज्याला विसरणं समजत होते ते हेच.

"मला माहीत नाय, आत्या," काका म्हणाले. "पुस्तकातपण नाय." पुन्हा थांबले. "पण या घाटातून त्याचा माल जात असेल. जिथून आपलं पोट चालतं तिथं आपलं नाव असावं, असं माणसाला वाटतं. माझं मोहन्यात कुठं नाय. नुसता नंबर आहे, तो खिशात."

"दाखव बघू," आत्या म्हणाली. काकांनी अकराशे अडतीस काढून तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो उलटा करून बघितला. मग कोणी तरी विचारलं की कारखान्यात एवढे बिल्ले होते तर त्या सगळ्यांची माणसं कुठे गेली. कोणी विचारलं, ती क-ची बेरीज आम्हालापण वाचता येईल का. लोक एकेक करून ओसरीत येऊन बसले. आत मी, मितेशशेठ आणि तो मुलगा.

मितेशशेठ बराच वेळ बाहेर बघत होते. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "आत्याने तुला का नाय विचारलं?"

मी स्पीकर गळ्यातून काढला.

खाली उतरताना काका म्हणाले, "प्रश्न तर आला बघ. कोणाला आला ते तू ठरव. मी पैजेत तेवढं नीट बोललो नव्हतो."

त्यांनी मला पळायला वाट ठेवलेली. पण ते पैजेत नीटच बोलले होते. 'तुला', असं बोलले होते. मी ऐकलेलं विसरत नाही.

"तुम्हाला आला," मी म्हटलं.

संध्याकाळी धबधब्यापाशी विश्रामदादाने पान्याच्या उलट्या बाजूने फळ्यावर सत्ताविसावा खिळा ठोकला. तुळसाआत्याने अकराशे अडतीस त्यावर अडकवला, आणि काका उतरताना तो घ्यायला विसरले तेव्हा तिनेच ओरडून त्यांना परत बोलावलं. मितेशशेठ शेवटी चढले आणि काकांना म्हणाले, "पुढच्या रविवारी गौरीचं सामान आणायला निघतील लोक. जरा लवकर सुटू या."

रेकॉर्डचा विषय पुन्हा निघाला नाही.

तर आता लिहून देते, कोथिंबीरवाल्या काकूंसकट सगळ्यांना वाचता येईल असं. मागच्या ऑगस्टात माळशेजला "विश्राम, सोड" असं बोलले ती मी, नयन, ठाकुर्ली. पैज मी हरले.