कुंपणाआडचा रिगो

फेब्रुवारी लागला की मी गोठवलेल्या वाटाण्याच्या पिशव्या आणून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात रचून ठेवायची. खायला नव्हे, रिगोच्या गुडघ्यांना. दुपारी तो मैदानावरून यायचा, स्वयंपाकघरात एका खुर्चीवर बसून दुसरीवर पाय ताणायचा आणि एकेका गुडघ्यावर एकेक पिशवी ठेवून माझ्याशी गप्पा मारत बसायचा. माझा नवरा लालो कामावरून आला की हटकून विचारायचा, "काय रे, शिजले का वाटाणे?"

रिगोबेर्तो कोल्मेनारेस, व्हेनेझुएलातल्या कारोरा गावचा. बेसबॉलच्या संघाचा वसंतातला सराव आमच्या घरामागच्या मैदानांवर चालतो. ॲरिझोनात त्या दिवसांत संत्र्याला मोहर असतो आणि आमच्या गल्लीत घरोघरी एखादा तरी खेळाडू खोली घेऊन राहत असतो. मुलं येतात, जातात, नावंही विसरायला होतात. रिगो मात्र नऊ वसंत माझ्याकडेच उतरला.

तो कॅचर. पिचरने चेंडू फेकायचा आणि ह्याने उकिडवं बसून झेलायचा. सरावाला पिचर येतात ढिगाने, आणि प्रत्येकाला हात मोकळा करायला समोर कुणीतरी बसलेलं लागतं. म्हणून संघ कॅचरही गरजेपेक्षा जास्त बोलावतो. पंगत मोठी असली की वाढपी जास्त लागतात, त्यातलाच प्रकार. मार्च सरतासरता पंगत उठते. दोन कॅचर मोठ्या संघाबरोबर विमानाने जातात, उरलेले खालच्या संघांतून बसने गावोगाव हिंडतात. रिगो आठ वर्षं बसने हिंडला.

"दोन्या एलोइसा," तो मला म्हणायचा, "मला काही मोठं नाव कमवायचं नाही. एक दिवस. मोठ्या संघात एक दिवस नाव लागू दे, एक डाव खेळू दे. मग पापाच्या दुकानात टायर काढत बसेन जन्मभर."

पापा म्हणजे त्याचे वडील, दोन देल्फीन; आमच्या स्पॅनिशमध्ये मानाने बाईला 'दोन्या' म्हणतात, तसं पुरुषाला 'दोन'. कारोऱ्यात त्यांचं पंक्चरचं दुकान. दुकानापुढच्या धुळीत त्यांनी ह्याला बाटल्यांची बुचं फेकून झेलायला शिकवलं. बूच वाऱ्यावर कसंही वळतं. ते ज्याला झेलता आलं त्याला चेंडू काय अवघड! बायको गेल्यावर म्हाताऱ्याला ह्या एका मुलाशिवाय दुसरा विषय नव्हता. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. पडद्यावर आधी टक्कल दिसायचं, मग डोळे, आणि 'कसा आहेस' सोडून पहिला प्रश्न: "खेळवलं का?"

त्या वर्षी सराव सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच संघाच्या मुख्य कॅचरचं मनगट मोडलं. जागा रिकामी झाली. रिगो एकतीस वर्षांचा होता. असा वसंत पुन्हा येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तो पहाटे उठून पळायला जाऊ लागला, दाढी रोज करू लागला, जेवताना बोलेनासा झाला. सामन्यांत त्याची बॅटही कधी नव्हे ती बोलू लागली. एका दुपारी त्याने चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवला. तिथल्या गवतावर बसलेली मी ओरडले ती इतकी, की शेजारच्या आजोबांनी कानातलं यंत्रच काढून ठेवलं.

पण दुसरा एक उमेदवार होता. केड. टेक्सासचा, बावीसचा, संघाने त्याच्यावर पैसा पाण्यासारखा ओतलेला. हाताने ताकदवान, पण घाबरलेल्या पिचरला कसं सांभाळायचं ते त्याला कळत नव्हतं. कोचने एक दिवस त्याला रिगोच्या हवाली केलं. "ह्याला जरा तुझ्या हाताखाली घे."

मग रोज दुपारी केड आमच्या अंगणात. पोरगा गुणी होता. मला 'मॅम' म्हणायचा आणि घरातलं दूध संपवायचा. रिगो त्याला संत्र्याच्या झाडाखाली उकिडवं बसवायचा. "पिचरकडे बघताना भुवया वर नको नेऊस. त्याला वाटतं आपलं चुकलं. कितीही वाईट चेंडू आला तरी तोंड असं ठेव, जेवण झाल्यासारखं."

"सवतीला नटवतोयस लेका!" लालो खिडकीतून ओरडायचा.

"काय करू, दोन लालो? शिकवलं नाही तर म्हणतील, स्वार्थी आहे. शिकवलं तर म्हणतील, वा, काय छान शिकवतो!"

आणि तसंच झालं. "तू पुढे उत्तम कोच होशील," असं एका आठवड्यात त्याला तीन जणांनी सांगितलं. मुलगी बघायला आलेल्यांनी पोह्यांची फारच स्तुती केली की आई काय ते समजते, तशी मी समजले. त्यालाही ते समजत असणार. त्या आठवड्यात त्याने वाटाण्याच्या पिशव्या मागितल्याच नाहीत. गुडघे दुखतात हे घरातसुद्धा कुणाला दिसू नये, असं काहीतरी.

मार्च संपायला आला तेव्हा तो एका सकाळी नाश्त्याच्या वेळेलाच परत आला. संघातून काढतात ते सकाळीच, म्हणून आमच्या गल्लीत ह्या वेळेला परतलेल्या खेळाडूला कुणी काही विचारत नाही. मी गॅस बंद केला. पण त्याच्या हातात मोठ्या संघाचं कोरं जाकीट होतं.

"रिगो! घेतलं?"

"घेतलं," तो म्हणाला. "खेळाडू म्हणून नाही."

काम असं होतं: सामना चालू असताना मैदानाच्या कडेला, कुंपणाआड, बदली पिचर अंग गरम करतात. त्यांचे चेंडू झेलायचे. कपडे संघाचे, विमान संघाचं, हॉटेल संघाचं, प्रत्येक सामन्याला हजर. फक्त खेळायचं नाही, कधीच. आणि आधी एका कागदावर सही करायची की मी खेळाडू म्हणून निवृत्त झालो.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर खालच्या संघातही जागा नाही. साहेब फार चांगलं बोलले, दोन्या. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुझ्यासारखा माणूस आम्हाला घालवायचा नाहीये."

"सही केलीस?"

"केली." जाकीट त्याने खुर्चीच्या पाठीवर नीट बसवलं. "घरी काय सांगू?"

"जे आहे ते. आजच सांग."

"आज सांगतो," तो म्हणाला. पण त्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तो बॅग भरत राहिला.

मोसमाच्या पहिल्या सामन्याला सगळा संघ मैदानात रांगेने उभा करतात. खेळाडू, कोच, मालिशवाले, सगळे त्याच कपड्यांत. प्रत्येकाचं नाव पुकारतात, लोक टाळ्या वाजवतात. आम्ही टीव्हीवर बघत होतो. रिगोचं नाव आलं आणि त्याने टोपी काढली. कारोऱ्यातही बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "दोन्या, पापाने बोकड कापला."

"काय?"

"गल्लीला जेवण घातलं. बँड आणला. मी फोन केला तर फटाक्यांत काही ऐकू येईना. पापा रडत होता. नुसतं 'आलास रे, आलास' म्हणत होता. तिथे कसं सांगू?"

तिथे नाही सांगितलं, मग पुढच्या आठवड्यात नाही, मग मे उजाडला. "खेळवलं का?" "पुढच्या आठवड्यात, पापा." म्हातारा दुपारीच दुकान बंद करून टीव्हीपुढे बसू लागला, गल्लीतली माणसंही. केड मात्र रोज खेळत होता, आणि चेंडू कितीही वाईट आला तरी तोंड जेवण झाल्यासारखं ठेवत होता.

जूनमध्ये दोन देल्फीननी मलाच फोन लावला. पडद्यावर टक्कल, मग डोळे.

"दोन्या, तुम्ही त्याच्या आईसारख्या. खरं सांगा. माझ्या मुलाने काही गुन्हा केलाय का?"

"नाही हो! कुणी सांगितलं?"

"मग शिक्षा कसली? तिसरा महिना आहे. संघ हरतोय, तरी ह्याला उठवत नाहीत. काही चोरी केली का, कुणावर हात उचलला का? मी भरून देईन. माफी मागेन."

"त्याने काहीही वाईट केलेलं नाही, दोन देल्फीन. बाकी त्याच्या तोंडून ऐका. आजच विचारा." आणि फोन ठेवल्याठेवल्या रिगोला लावला. "तुझ्या बापाला वाटतंय तू चोर आहेस. आता तरी बोल."

तो बोलला. काय झालं ते त्याने मला पुढच्या फेब्रुवारीत सांगितलं. आता त्याला हॉटेल होतं. तो नुसता भेटायला आला होता, हातात केक घेऊन पाहुण्यासारखा.

"सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, 'म्हणजे मी जे बघत होतो, ते एवढंच होतं.' मी म्हटलं, 'हो, पापा, एवढंच.' रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं."

"गल्लीत काय सांगितलं?"

"की त्या लोकांनी आपल्या पोराला डावललं. आता गल्लीत कुणी आमच्या संघाचा सामना लावत नाही. शिव्या देतात."

"आणि ते स्वतः?"

"तो लावतो. एकटाच बसतो. शेजारीण सांगते, खेळाकडे त्याचं लक्षच नसतं. कुंपणाकडे कॅमेरा वळायची वाट बघतो." रिगो थोडा वेळ केकचा चुरा बोटाने गोळा करत राहिला. "मला लाल दिवा दिसतो ना, दोन्या. कॅमेरा आमच्याकडे वळला की कळतं. मग मी पाठ करून उभा राहतो."

लालो काहीतरी थट्टेचं बोलायला गेला आणि उठून अंगणात निघून गेला.

त्या मोसमातही आम्ही सामने बघितले. सातव्या-आठव्या डावात पिचर थकतो, आणि कॅमेरा क्षणभर कुंपणाआड जातो. नवा पिचर हात फिरवत असतो. त्याच्यासमोर एक रुंद पाठ असते, आणि कॅमेरा निघून जाईपर्यंत ती वळत नाही.